मांजरांच्या गोष्टींमधे खरंच मांजराची काळजी असते का, की मांजर नुसतं निमित्त?

बहुतेक वेळा निमित्तच, पण चांगला लेखक तेच तर दाखवून देतो ना. आम्ही इंदूरचे, शाळा हिंदी मीडियमची त्यामुळे मला आधी आठवते भगवतीचरण वर्मांची हिंदी कथा 'प्रायश्चित्त'. सून दूध-तुपावर ताव मारणाऱ्या कबऱ्या मांजरीवर लाकडी पाट फेकते, मांजर निपचित, मग पंडितजी येतात आणि सोन्याची मांजर दान करा म्हणतात, 21 तोळ्यांपासून घासाघीस होत 11 वर येतं, आणि एवढ्या गोंधळात एकही माणूस वाकून बघत नाही की ती श्वास घेतेय का! शेवटी मोलकरीण सांगते, मांजर तर उठून पळाली. सगळ्यांना पापाची भीती, मांजरीची कळकळ कोणालाच नाही.

जपानी लेखक नात्सुमे सोसेकीची कादंबरी 'मी मांजर आहे' (1905-06) उलट बाजूने, तिथे मांजरच बोलतं. मालक त्याला घरात राहू देतो पण नाव काही ठेवत नाही, म्हणजे आसरा दिला की झालं का, हा प्रश्न वाचताना टोचत राहतो.

बाकी गोष्टींतली ती दुधाची वाटी मात्र सोडा हं. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. आमच्या रामबागेतल्या आजीला हे पटवता पटवता माझा जीव गेला, ती म्हणते मग इतकी वर्षं काय मी विष पाजलं? आता पाणीच ठेवते, पण तोंड वाकडं करून.