जुन्या चर्चवरून स्थलांतरितांच्या वस्तीचा इतिहास कळतो का?

कळतो, आणि बराच कळतो. शिकागोचा पिल्सन भाग घ्या. तिथं सेंट प्रोकोपियसची पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचा भक्तसमुदाय, १८७५ मध्ये चेक लोकांनी सुरू केली. जवळच सेंट अ‍ॅडलबर्ट, ती पोलिश लोकांची. दोघेही कॅथलिक, मग चूल वेगळी का? मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, तेव्हा लॅटिनमध्येच व्हायची, पण प्रवचन आणि पापांची कबुली आपल्या भाषेत हवी. शिवाय चर्चला जोडून शाळा असायची. माझ्या मते खरं कारण तेच: पोरं भाषा विसरू नयेत.

पुढं चेक कुटुंबं पश्चिमेकडच्या उपनगरांकडे सरकली. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या आवारासाठी शेजारची वस्ती पाडली गेली, तेव्हा तिथली बरीच मेक्सिकन कुटुंबं पिल्सनमध्ये आली. इमारती त्याच राहिल्या, भाषा मात्र स्पॅनिश झाली. १९७७ पासून गुड फ्रायडेला अठराव्या रस्त्यावरून क्रूसाच्या वाटेची मिरवणूक निघते.

आता घरभाडी वाढल्यामुळे मेक्सिकन कुटुंबंही बाहेर पडताहेत. सेंट अ‍ॅडलबर्ट तर २०१९ मध्ये बंदच झालं.

स्वतः शोध घ्यायचा असेल तर कोनशिला आणि रंगीत काचांखालची देणगीदारांची नावं वाचा. मग जमलं तर बाप्तिस्म्याच्या नोंदी मिळवा. आडनावं कोणत्या वर्षांत बदलत गेली हे तिथं सरळ दिसतं. जनगणना दहा वर्षांनी होते, या वह्या दर आठवड्याला भरत होत्या.