'डिलिशस' कधी म्हणायचं

इंग्रजीत जेवणाचं कौतुक करायला शिकताय, छान! सुरुवातीला एकच शब्द पक्का करा: डिलिशस. उच्चारताना जोर मधल्या 'लि'वर.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे 'व्हेरी डिलिशस'. डिलिशसमध्येच 'फार चविष्ट' आलेलं असतं, त्यामुळे आधी 'व्हेरी' लावलं की 'अतिशय अप्रतिम'सारखं कानाला खटकतं. भर द्यायचाच तर 'अ‍ॅब्सोल्यूटली डिलिशस' किंवा 'रिअली डिलिशस' म्हणा. शिवाय हा दाद देण्याचा शब्द आहे. पाहुण्याला 'इज इट डिलिशस?' असं विचारू नका, त्याच्याकडून स्तुती वदवून घेतल्यासारखं होतं. 'डू यू लाइक इट?' पुरे.

दोन शब्द जपून:
- टेस्टफुल म्हणजे सुरुचिपूर्ण. घराच्या सजावटीला चालेल, पुरणपोळीला नाही.
- टेस्टीच्या स्पेलिंगमध्ये 'ए' हवा. तिथे 'ई' लिहिलात तर अर्थ होतो चिडका! मेन्यूकार्डांवर ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आधी हीच सुधारा.

स्क्रम्पशस, डिलेक्टेबल वगैरे डिलिशसच्याच अर्थाचे शब्द सध्या राहू द्या. आज रात्री जेवण झाल्यावर एक वाक्य मोठ्यानं म्हणा: 'द दाल वॉज डिलिशस.'