सवलत गाडीला द्यावी की प्लगला?

मागच्या अंकात विजेच्या मोटारींबद्दल प्रश्न मागवले आणि पत्रांचा ढीग आला. माझं सगळं नोकरीतलं आयुष्य वीजवितरणात गेलं. ट्रान्सफॉर्मर, फीडर, मीटर हेच माझं जग, त्यामुळे या गाड्यांकडे मी बॉनेटच्या बाजूने पाहण्याआधी प्लगच्या बाजूने पाहते. उत्तरंही त्याच बाजूने झुकलेली असतील.

प्रश्न : ताई, मी शिक्षिका आहे. शाळा जवळ, त्यामुळे गाडी फार फिरत नाही. शोरूममधला मुलगा म्हणतो, विजेची घ्या, पेट्रोलचा खर्चच संपेल. पण तिची किंमत तशाच पेट्रोल गाडीपेक्षा बरीच जास्त आहे. हिशेब कसा मांडू?

शोरूमने दिलेला कागद बाजूला ठेवा आणि एकच आकडा स्वतः काढा. एका लिटर पेट्रोलच्या पैशात तुम्हाला विजेचे किती युनिट मिळतात?

मध्यम आकाराची विजेची गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ ते १८ युनिट खाते. चार्ज होताना थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, म्हणून मीटरवर २० धरा. तेवढीच पेट्रोल गाडी साडेसहा लिटरच्या आसपास पिते. वीसला साडेसहाने भागलं की तीन येतात. म्हणजे एका लिटरच्या पैशात तीनपेक्षा जास्त युनिट येत असतील तर विजेवर धावणं स्वस्त, सात-आठ येत असतील तर खूपच स्वस्त. आकडा तीनपाशी आला की इंधनातली बचत संपली. घरच्या मीटरवर हा आकडा बहुतेक ठिकाणी चांगला येतो. रस्त्यावरच्या जलद चार्जरवर दर चढा असतो आणि तोच आकडा भराभर खाली येतो. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन मालकांपैकी एक खूश असतो आणि दुसरा चिडलेला, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

पेट्रोल आणि विजेच्या खर्चात एवढा फरक पडतो कुठून, असं आणखी एका पत्रात विचारलंय, तेही इथेच सांगते. एका लिटर पेट्रोलमध्ये जवळपास नऊ युनिटइतकी ऊर्जा असते, पण इंजिन त्यातला पाव हिस्सा कसाबसा चाकांपर्यंत पोचवतं. बाकी सगळी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर. मोटर मात्र तिला मिळालेल्या विजेतला बहुतेक भाग चाकाला देते, आणि उतारावर किंवा ब्रेक लावताना त्यातली काही परतही घेते.

आता तुमचा हिशेब. दर १०० किलोमीटरला किती पैसे वाचतात ते काढा आणि गाडीच्या जादा किमतीला त्याने भागा. जेवढं उत्तर येईल तेवढे शेकडे किलोमीटर चालल्यावर गाडी स्वतःचे पैसे वसूल करायला लागेल. ऑइल, क्लच, स्पार्क प्लग हे खर्च सुटतात. उलट वजनामुळे टायर लवकर झिजू शकतात, आणि विम्याचा हप्ता दोन्ही गाड्यांचा विचारून घ्यायला हवा. तुम्ही फार गाडी चालवत नाही, तेव्हा हे अंतर तुमच्याकडून गाठलं जायला फार वर्षं लागतील. पैशाचंच म्हणाल तर आहे ती गाडी धड चालतेय तोवर चालवा. बॅटरी बनवतानाही बराच कार्बन हवेत जातो, तो भरून निघतो गाडी चालवून. दारात उभी राहिलेली विजेची गाडी हवा स्वच्छ करत नाही.

प्रश्न : आठ वर्षांनी बॅटरी टाकून द्यावी लागते आणि नवी घ्यायची तर गाडीच्या निम्मे पैसे जातात, हे खरं का?

नाही. आठ वर्षं ही बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीची मुदत आहे, बॅटरीच्या आयुष्याची नाही. बरोबर बहुधा १,६०,००० किलोमीटरची मर्यादा असते आणि क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर कंपनी जबाबदार. २०१० साली आलेल्या निसान लीफच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती, उष्ण प्रदेशात तिची क्षमता लवकर घटली आणि ही भीती तिथून पसरली. आजच्या बहुतेक गाड्यांत ती सोय असते. जुनी गाडी घेत असाल तर मात्र बॅटरीची शिल्लक क्षमता तपासून लेखी घ्या.

प्रश्न : आम्ही इमारतीत राहतो. मला पार्किंगमध्ये चार्जर लावायचा आहे. समितीचं म्हणणं, आज तुम्हाला दिला तर उद्या वीस जण मागतील, ट्रान्सफॉर्मर जळेल आणि आगही लागेल. भांडून भांडून थकले. त्यांचं बरोबर आहे का?

तुमचं पत्र वाचून मी लगेच कागद-पेन्सिल घेतली, कारण या वादाचं उत्तर आकड्यांत आहे आणि ते आकडे तुमच्या समितीसमोर कुणी मांडलेलेच नाहीत.

समितीचा हिशेब असा असणार : एक चार्जर ७.४ किलोवॅटचा, वीस चार्जर म्हणजे १४८ किलोवॅट. एवढा भार एकदम आला तर इमारतीची जोडणी खरंच पुरणार नाही. पण गाडीला रोज लागतं किती? दिवसाला ४० किलोमीटर धरले तर मीटरवर आठ युनिट. वीस गाड्यांचे १६०. रात्री दहा ते सकाळी सहा हे आठ तास धरा, की सरासरी भार निघतो २० किलोवॅट. कुठे १४८ आणि कुठे २०! सगळे संध्याकाळी सात वाजता, लिफ्ट, गीझर, एसी चालू असताना, एकाच वेळी प्लग लावतील तर अडचण आहे. मिळेल तेवढी वीज आपापसात वाटून घेणारी यंत्रणा बसवली तर नाही. अशा यंत्रणा बाजारात आहेत आणि अनेक देशांतल्या इमारतींमध्ये चालू आहेत. त्या इमारतीचा एकूण भार पाहत राहतात आणि गाड्यांचा वाटा कमी-जास्त करतात. म्हणून प्रत्येकाने आपापली केबल ओढण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकच पाया घालणं स्वस्त पडतं. समितीला हेच सांगा, की वीस जणांची भीती वाटते ना, मग आजच वीस जणांचा विचार करून काम करू.

आगीचं म्हणाल, तर धोका असतो तो वाईट वायरिंगचा. तासन्‌तास पूर्ण भाराने वीज ओढणारी वस्तू जुन्या सॉकेटवर, एक्स्टेन्शन बोर्डावर लावली की जोड तापतात. स्वतंत्र सर्किट, योग्य जाडीची तांब्याची केबल, धड अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर, या चार गोष्टींवर तडजोड करू नका, कितीही पैसे वाचत असले तरी. खिडकीतून वायर सोडून गाडी चार्ज करणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगते, आजच थांबवा.

आणि हक्काचं. जर्मनीत १ डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने फ्लॅटमालकाला आणि भाडेकरूलाही चार्जिंगची सोय मागण्याचा अधिकार दिला. खर्च मागणाऱ्याने करायचा, काम कसं करायचं हे मालकांनी मिळून ठरवायचं, पण विनाकारण 'नाही' म्हणता येत नाही. मला हा कायदा कुठल्याही खरेदी-सवलतीपेक्षा मोलाचा वाटतो.

प्रश्न : माझ्याकडे सायकल आहे. सरकार विजेच्या गाडीवर सवलत देतं ती माझ्याही कराच्या पैशातून. श्रीमंताच्या दुसऱ्या गाडीचा भार मी का उचलावा?

तुमचा राग योग्य आहे. अमेरिकेत बरीच वर्षं ७,५०० डॉलरपर्यंतची सवलत आयकरातून मिळत असे. म्हणजे ज्याचा कर तेवढा होतच नाही, त्याला ती पूर्ण मिळायचीच नाही. सेव्हरिन बोरेनस्टाइन आणि लुकस डेव्हिस या अर्थशास्त्रज्ञांनी सुरुवातीच्या वर्षांतली करविवरणं तपासली, तेव्हा या सवलतीतला जवळपास ९० टक्के पैसा उत्पन्नाच्या उतरंडीतल्या वरच्या पाचव्या हिश्शाकडे गेल्याचं दिसलं. पुढे २०२३ पासून गाडीच्या किमतीवर आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नावर मर्यादा आल्या, २०२४ पासून सवलत खरेदीच्या वेळीच वळती करून घेता येऊ लागली, आणि ३० सप्टेंबर २०२५ नंतर ती बंदच झाली.

तरीही सवलती मुळातच चूक होत्या, असं मी म्हणणार नाही. ब्लूमबर्गच्या ऊर्जा-संशोधन विभागाच्या पाहणीत बॅटरी संचाची सरासरी किंमत २०१० मध्ये साठवणक्षमतेच्या एका युनिटमागे हजार डॉलरच्या वर होती, ती २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली. एवढी घसरण नुसत्या प्रयोगशाळेतून होत नाही. कुणीतरी महाग असताना गाड्या घ्याव्या लागतात, तेव्हा कारखाने उभे राहतात. चीनने सुमारे बारा वर्षं खरेदीवर अनुदान दिलं, ते हळूहळू कमी करत २०२२ च्या अखेरीस थांबवलं, आणि विक्री त्यानंतरही वाढतच राहिली. पेट्रोल-डिझेललाही जग फुकट सोडत नाही, हेही लक्षात ठेवा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२२ मध्ये खनिज इंधनांच्या वापरावरचं अनुदान जगभरात एक लाख कोटी डॉलरच्या वर गेलं होतं. त्यातही तुमच्या सायकलला काही मिळालं नाही.

नॉर्वेचं उदाहरण सगळे देतात. तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के विजेच्या होत्या. पण तिथली मुख्य सवलत रोख नव्हती. पेट्रोल गाडीवर जबर कर होता आणि विजेच्या गाडीवर तो नव्हता. आणि गाड्या वाढल्यावर, २०२३ पासून, पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर त्यांनी २५ टक्के मूल्यवर्धित कर लावायला सुरुवात केली. महाग गाडी घेणाऱ्याने आपला कर भरावा, हे मला पटतं. रस्त्याचंही तसंच. इंधनावरचा कर बुडाला तर रस्ते कोण दुरुस्त करणार? न्यूझीलंडने १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या गाड्यांना किलोमीटरनुसार आकार लावला, त्यात मला काही गैर वाटत नाही.

माझा आग्रह वेगळाच आहे. ज्याच्या घराला स्वतःचं पार्किंग आहे, त्याला स्वस्त वीज आपोआप मिळते. ज्याला नाही, तो रस्त्यावरच्या चार्जरवर जास्त पैसे मोजतो. ब्रिटनमध्ये घरच्या विजेवर मूल्यवर्धित कर ५ टक्के आणि सार्वजनिक चार्जरवर २० टक्के, म्हणजे अंगण नसलेल्याला वर आणखी दंड. सार्वजनिक पैसा इथे घाला. रस्त्याकडेच्या दिव्याच्या खांबांवर, भाड्याच्या इमारतींत, टॅक्सीतळांवर सावकाश चालणारे, स्वस्त, भरपूर प्लग द्या. प्लग एकदा लागला की गाड्या बदलल्या तरी तो तिथेच राहतो आणि मालकाचं उत्पन्न विचारत नाही. बसगाड्यांनाही वीज द्या. तुमच्या सायकलला सुरक्षित वाट हवी, ती मागणी या यादीत मी पहिल्यांदा लिहीन.

प्रश्न : मी टॅक्सी चालवतो, दिवसाला दोनशे किलोमीटर होतात. गाडी रात्री रस्त्यावर उभी असते. विक्रेता म्हणतो सवलत लवकरच बंद होणार, आताच बुकिंग करा. काय करू?

दादा, तारखेला घाबरून सही करू नका. जर्मनीत २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने सरकारचा ६० अब्ज युरोंचा निधी रद्द ठरवला, आणि डिसेंबरच्या मध्यावर एका शनिवारी सरकारने जाहीर केलं की विजेच्या गाडीवरच्या सवलतीचे उद्यापर्यंत आलेलेच अर्ज घेऊ. बुकिंग करून गाडीची वाट पाहणारे लोक अडकले. पुढे काही कंपन्यांनी ठरावीक मुदतीपुरती ती रक्कम स्वतःच्या खिशातून दिली, पण सगळ्यांना नाही. पुढच्या वर्षी तिथली विजेच्या गाड्यांची विक्री सुमारे २७ टक्क्यांनी घटली. सवलत मिळाली तर घ्या, पण ती वजा न करता हिशेब जुळत असेल तरच.

तुमचा हिशेब जुळण्यासारखा आहे, कारण तुम्ही रोज भरपूर चालवता. २०० किलोमीटर म्हणजे मीटरवर ४० युनिट. साध्या सॉकेटवर तासाला तीन युनिटच्या आसपास मिळतात, तेरा तास लागतील, ते तुम्हाला परवडणार नाहीत. सात किलोवॅटच्या चार्जरवर सहा तासांत काम होतं. म्हणून गाडी पाहायला जाण्याआधी जागा शोधा. एखादा वाहनतळ, गोदामाचं आवार, पेट्रोल पंपामागची मोकळी जागा, जिथे रात्रभर उभं राहता येईल आणि वीज ठरलेल्या दरात मिळेल. दोघा-तिघा चालकांनी मिळून मागितलं तर जागेचा मालक ऐकतो. दर लेखी घ्या.

जलद चार्जरवर पूर्ण विसंबायचं ठरवलंत तर वर शिक्षिकाबाईंना सांगितलेला तीनचा आकडा त्या चार्जरच्या दराने काढून पाहा. चार्जर मोकळा मिळण्याची वाट पाहण्यात जो वेळ जाईल, तो तुमच्या कमाईचा वेळ आहे, तोही धरा. ८० टक्क्यांनंतर थांबू नका. तिथून पुढे बॅटरीत घाईने वीज भरली तर लिथियम आत नीट न शिरता पृष्ठभागावर धातू होऊन साचू शकतं, म्हणून गाडी स्वतःच वेग कमी करते आणि शेवटचे वीस टक्के फार वेळ खातात. लोहफॉस्फेटची बॅटरी असलेली गाडी मिळाली तर ती पाहा. तीत निकेल-कोबाल्ट नसतं, ती तुलनेने स्वस्त असते आणि रोजच्या चार्जिंगला जास्त काळ टिकते. थंडीत मात्र तिचा पल्ला जास्त घटतो.

जागेचं ठरलं, रात्रीचा दर हातात आला, की तो आकडा आणि गाडीची किंमत मला कळवा. पुढच्या अंकात तुमचा पूर्ण हिशेब मांडून दाखवते, म्हणजे बाकीच्या टॅक्सीवाल्यांनाही तो वापरता येईल.