ब्रिटनमध्ये सिव्हिल पार्टनरशिप केल्यास भारतात पती-पत्नी म्हणून मान्यता मिळते का?

आपण ऐरोलीत राहता, जोडीदार इंग्लंडमधील लीड्सला नोकरी करतो, आणि लग्नातले विधी, तसेच बाईला दुय्यम स्थान देणारी त्यामागची गृहीतके, दोघांनाही पटत नाहीत. म्हणून तिकडे सिव्हिल पार्टनरशिप, म्हणजे लग्नाऐवजी सरकारी नोंदणीने जुळणारे कायदेशीर नाते, करून इकडे लग्न टाळले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात कौटुंबिक आणि वारसाहक्काच्या प्रकरणांत वकिली करते. माझे उत्तर असे, की इंग्लंडमध्ये आपले नाते पूर्णपणे कायदेशीर ठरेल, परंतु भारतात त्या नोंदणीच्या बळावर आपण एकमेकांचे पती-पत्नी ठरणार नाही.

ब्रिटनमधील ही व्यवस्था 2004 च्या कायद्याने आली आणि डिसेंबर 2005 पासून अमलात आली. सुरुवातीला ती केवळ समलिंगी जोडप्यांसाठी होती, कारण त्यांना लग्नाचा अधिकारच नव्हता. 2014 मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये त्यांचे विवाह सुरू झाले, आणि मग समलिंगी जोडप्यांना दोन पर्याय व स्त्री-पुरुष जोडप्यांना एकच, अशी उलटी विषमता निर्माण झाली. आपल्यासारखेच आक्षेप असलेल्या एका जोडप्याने त्याविरुद्ध दाद मागितली. जून 2018 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने या विषमतेला भेदभाव ठरवले आणि 31 डिसेंबर 2019 पासून स्त्री-पुरुष जोडप्यांनाही हा मार्ग खुला झाला. वारसा, कर, निवृत्तिवेतन आणि व्हिसा या बाबतींत तेथे ती लग्नाच्या जवळजवळ बरोबरीची आहे. लग्नासाठी ठरावीक शब्द उच्चारावे लागतात, तर सिव्हिल पार्टनरशिपमध्ये दस्तऐवजावर सही झाली की नाते सिद्ध होते, आणि नोंदणी होत असताना धार्मिक विधी करता येत नाही. आपल्याला ती का भावली, हे मी समजू शकते.

भारतीय कायद्यात मात्र विवाहित आणि अविवाहित यांच्या मधली अशी पायरीच नाही. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे समलिंगी जोडप्यांच्या संदर्भात हा विषय आला, तेव्हा सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती संजय किशन कौल अशा संबंधांना मान्यता देण्याच्या बाजूने होते, परंतु तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तो अधिकार नाकारला गेला. ज्यांच्यापुढे लग्नाचाही पर्याय नाही, त्या जोडप्यांवर हा अन्याय आहे असे माझे ठाम मत आहे. आपल्यापुढे तो पर्याय आहे, म्हणूनच तो सोडण्यापूर्वी काय सुटते ते पाहावे.

जोडीदार मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी ही आई व मुलांसह पहिल्या वर्गातील वारस असते. सिव्हिल पार्टनरचे नाव त्या यादीत कोठेही नाही. महाराष्ट्रात राहते घर पतीने पत्नीला बक्षीसपत्राने दिले तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, तर नात्याबाहेरच्या व्यक्तीला दिले तर ते विक्रीच्या दराने भरावे लागते. शिवाय वर्षभरात 50,000 रुपयांहून अधिक रक्कम भेट मिळाली तर ती सर्वच करपात्र ठरते. पती-पत्नीला मात्र हा नियम लागू नाही. घरासाठी जोडीदाराने लीड्सहून आपल्या खात्यात पैसे पाठवले, तर हाच प्रश्न उभा राहील. आयुर्विम्याची रक्कम नामनिर्देशित व्यक्तीच्या मालकीची व्हावी, अशी तरतूद 2015 पासून आहे, पण तीही आई-वडील, पती-पत्नी आणि मुले यांच्यापुरतीच. सोसायटीत नामनिर्देशन करून ठेवल्याने सदनिकेची मालकी मिळत नाही. आमच्याकडे येणाऱ्या जोडप्यांपैकी बहुतेकांना ही गोष्ट ठाऊक नसते. एक संरक्षण मात्र लग्नावाचूनही मिळू शकते: 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीलाही दाद मागता येते.

माझा सल्ला असा, की 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली ठाण्यात नोंदणी विवाह करावा. त्यात सप्तपदी नाही, कन्यादान नाही, आडनाव बदलण्याची सक्ती नाही. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर परस्परांना कायदेशीर पती व पत्नी म्हणून स्वीकारल्याचे एक वाक्य आहे. पुरोहिताविना लग्न ही महाराष्ट्राला 1873 पासून, म्हणजे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विवाहापासून, परिचित असलेली गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये हा विवाह मानला जातो, आणि व्हिसासाठी पती-पत्नी व सिव्हिल पार्टनर यांना सारखेच निकष आहेत. एखादा एजंट हिंदू विवाह कायद्याखाली विधी न करताच चटकन प्रमाणपत्र काढून देतो म्हणाला, तर मात्र ऐकू नका. विधीवाचून केवळ नोंदणीने त्या कायद्याखाली विवाह होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले आहे.

या मार्गात आपल्याला खटकणारे काहीच उरत नाही, असे मात्र नाही. या कायद्याखाली पोटगी फक्त पत्नी मागू शकते, पती नाही. त्याहून गंभीर बाब वारशाची आहे. दोघेही हिंदू असाल तर उत्तराधिकार कायदा लागू राहतो, आणि विवाहित स्त्री मूल व पती मागे न ठेवता, मृत्युपत्राविना गेली, तर तिने स्वतः कमावलेली मिळकतही आधी पतीच्या वारसांकडे जाते, तिच्या आई-वडिलांकडे नंतर. त्यामुळे विवाहाच्या आठवड्यातच दोघांनी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्रे करावीत.

विशेष विवाह कायद्याखाली विवाहाची नोटीस आधी विवाह अधिकाऱ्याला द्यावी लागते, आणि ती देण्यापूर्वी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य हवे. आपण ठाणे जिल्ह्यातील ऐरोलीच्या असल्याने ती अट पूर्ण होते. नोटिशीनंतर 30 दिवस हरकतींसाठी थांबावे लागते आणि तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर नोटीस रद्द होते. तेव्हा जोडीदाराची रजा मंजूर झाल्यावरच नोटिशीची तारीख ठरवावी.