५.१ रिसीव्हर जोडला, पण मागचे स्पीकर गप्प आहेत, संवाद दबलेले येतात आणि आवाज वाढवला की रिसीव्हर बंद पडतो; जोडणीत नेमके काय चुकले असावे?

आपण दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे: १६ फूट लांब व ११ फूट रुंद हॉल, भिंतीवर ४के टीव्ही, फायर स्टिक आणि डीटीएचचा सेट टॉप बॉक्स हे दोन्ही थेट टीव्हीला जोडलेले, टीव्हीतून रिसीव्हरकडे (म्हणजे आवाज स्पीकरांना वाटून देणाऱ्या अँप्लिफायरकडे) आलेली ऑप्टिकल केबल आणि रिसीव्हरला ५.१ स्पीकरांचा संच, म्हणजे पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर. तक्रारी तीन आहेत आणि माझ्या मते तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत. रिसीव्हरच सदोष असण्याची शक्यता मला कमी वाटते, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला फोन करण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासून पाहाव्यात.

आवाज वाढवल्यावर बंद पडण्याची तक्रार आधी मिटवावी, कारण तशा अवस्थेत वारंवार आवाज वाढवत राहिल्यास रिसीव्हरच्या अँप्लिफायरला खरोखरच इजा होऊ शकते. असे बंद पडणे ही बहुतेक वेळा रिसीव्हरची संरक्षणयंत्रणा असते आणि तिचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे वायरीचा एखादा सुटा धागा. स्पीकरची वायर सोलून टर्मिनलमध्ये खुपसताना तांब्याचा केसासारखा एक धागा बाहेर राहतो, तो शेजारच्या टर्मिनलला किंवा मागच्या धातूच्या पत्र्याला टेकतो, कमी आवाजात सारे ठीक चालते आणि आवाज वाढला की शॉर्ट सर्किट समजून रिसीव्हर स्वतःला बंद करतो. प्लग काढून ठेवावा, काही वेळाने सर्व स्पीकर सोडवावेत, प्रत्येक टोक नव्याने साधारण एक सेंटिमीटर सोलून धागे घट्ट पिळावेत आणि टॉर्चच्या उजेडात एकेक टर्मिनल पाहून पुन्हा जोडावे. बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या पिना) मिळाले तर ते लावावेत. त्यांनी आवाज सुधारत नाही, परंतु ही कटकट कायमची संपते. वायरी नव्याने जोडूनही बंद पडणे थांबले नाही, तर स्पीकरच्या मागे लिहिलेला ओमचा (विद्युत रोधाचा) आकडा पाहावा. रिसीव्हर ६ ते ८ ओमसाठी बनवलेला असताना ४ ओमचे स्पीकर लावले असतील, तर मोठ्या आवाजात हेच घडेल. रिसीव्हर बंद कपाटात कोंडलेला असला किंवा त्याच्या डोक्यावर सेट टॉप बॉक्स ठेवलेला असला, तरीही तापून बंद पडतो. वरच्या बाजूला निदान चार-पाच इंच मोकळी जागा हवी.

कोणती वायर घ्यावी, असेही आपण विचारले आहे म्हणून सांगतो की, ‘स्पीकर केबल’ या नावाने मिळणारी महागडी वायर घेण्याची गरज नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी १.५ स्क्वेअर एमएमची, अनेक धाग्यांची तांब्याची वायर पुरेशी असते. रिसीव्हरपासून मागच्या स्पीकरपर्यंत १० मीटर अंतर धरले तर जाऊन-येऊन २० मीटर वायर होते, तिचा रोध साधारण पाव ओम भरतो आणि ८ ओमच्या स्पीकरपुढे तो ३ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे कानाला जाणवणार नाही इतका. एक मात्र पाळावे: वायरमन ‘एकाच पाइपातून टाकून देतो’ असे म्हणाला, तरी स्पीकरची वायर २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून नेऊ देऊ नये. ते सुरक्षिततेच्या दृष्टीने अयोग्य आहे आणि आवाजात गुणगुण शिरण्याचीही शक्यता असते. भिंतीवरून स्वतंत्र पट्टी टाकणे उत्तम.

आता मागच्या स्पीकरांकडे वळू. येथे पहिली पायरी म्हणजे रिसीव्हरच्या सेटअप मेनूमधील टेस्ट टोन लावणे. पावसाच्या सरीसारखा सूं आवाज एकेका स्पीकरमधून फिरत जातो. तो मागच्या दोन्ही स्पीकरांतून ऐकू आला, तर वायरी आणि स्पीकर निर्दोष आहेत आणि दोष सिग्नलमध्ये आहे. तो आला नाही, तर वायरी चुकीच्या टर्मिनलला लागल्या आहेत किंवा मेनूमध्ये मागचे स्पीकर ‘नाही’ असे नोंदलेले आहेत. सात चॅनेलांच्या रिसीव्हरवर ५.१ संच लावताना ही गडबड विशेष होते, कारण तेथे ‘सराउंड’ आणि ‘सराउंड बॅक’ अशा दोन जोड्या असतात आणि ‘मागचे स्पीकर’ म्हटल्यावर माणूस सहज दुसरी जोडी वापरतो. ५.१ मधले मागचे स्पीकर म्हणजे नुसते ‘सराउंड’.

आपल्या बाबतीत टेस्ट टोन नीट वाजेल आणि खरा घोटाळा टीव्हीत सापडेल, असा माझा अंदाज आहे. फायर स्टिकवरील बहुतेक ॲप पाच चॅनेलांचा आवाज डॉल्बी डिजिटल प्लस या स्वरूपात पाठवतात. ऑप्टिकल केबल हे स्वरूप वाहून नेऊ शकत नाही. तिच्यातून दोन चॅनेलांचा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज), साधा डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस एवढेच जाते. त्यामुळे टीव्हीने मधल्या मध्ये डॉल्बी डिजिटल प्लसचे साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर करावे लागते. काही टीव्ही ते करतात, काही मात्र पाच चॅनेल कुटून त्यांचे दोन करतात आणि पीसीएम म्हणून पुढे ढकलतात. रिसीव्हर बिचारा जे मिळाले तेच वाजवतो. खात्री करून घेणे अगदी सोपे आहे: ज्या कार्यक्रमाच्या माहितीत ५.१ असे लिहिले आहे तो लावावा आणि रिसीव्हरच्या पुढच्या काचेवर काय अक्षरे येतात ते पाहावे, किंवा रिमोटवरील ‘इन्फो’ दाबावे. तेथे ‘पीसीएम’ दिसत असेल तर आवाज टीव्हीतच दोन चॅनेलांचा झाला आहे. ‘डॉल्बी डिजिटल’ दिसत असेल तर सिग्नल बरोबर आहे.

यावरचा उपाय म्हणजे जोडणीची दिशाच बदलणे. आवाज आणि चित्र या दोन्हींचा पहिला मुक्काम रिसीव्हर असावा आणि टीव्ही सर्वांत शेवटी यावा. फायर स्टिक व सेट टॉप बॉक्स हे दोन्ही रिसीव्हरच्या ‘एचडीएमआय इन’मध्ये लावावेत. रिसीव्हरच्या मागे ‘एचडीएमआय आउट’ या सॉकेटवर बहुधा ‘एआरसी’ (ऑडिओ रिटर्न चॅनेल) असे लिहिलेले असते. तेथून निघालेली एकच केबल टीव्हीच्या त्याच सॉकेटमध्ये जावी ज्यावर ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ (त्याचीच सुधारित आवृत्ती) असे छापलेले आहे. टीव्हीला तीन-चार सॉकेट असले तरी हे अक्षर सहसा एकाच ठिकाणी असते आणि केबल दुसऱ्या सॉकेटमध्ये गेल्यास चित्र दिसते, परंतु टीव्हीतील आवाज परत येत नाही. स्टिकला वीज तिच्यासोबत आलेल्या अडॅप्टरवरूनच द्यावी. रिसीव्हरच्या यूएसबी सॉकेटवर ती चालते असे वाटते आणि मग मध्येच ती आपोआप रीस्टार्ट होऊ लागते.

एआरसी हे तंत्र २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आले. त्याचा उपयोग असा की टीव्हीच्या आत असलेल्या ॲपचा आवाज त्याच केबलने उलट दिशेने रिसीव्हरकडे येतो, म्हणून ऑप्टिकल केबलची गरज उरत नाही. ते चालू होण्यासाठी दोन्हीकडे सीईसी (एचडीएमआय केबलवरून उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय) सुरू करावे लागते, आणि नेमके येथे लोक अडकतात, कारण प्रत्येक कंपनीने त्याला आपले वेगळे नाव दिले आहे: सॅमसंगमध्ये ते ‘एनीनेट प्लस’ आहे, एलजीमध्ये ‘सिंपलिंक’, सोनीमध्ये ‘ब्राव्हिया सिंक’, आणि रिसीव्हरच्या मेनूत ते ‘एचडीएमआय कंट्रोल’ म्हणून सापडते. त्यानंतर टीव्हीच्या साउंड मेनूत आउटपुट म्हणून रिसीव्हर निवडावा आणि डिजिटल आउटपुटचे स्वरूप ‘पीसीएम’ वरून ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ करावे. हा शेवटचा पर्याय कित्येक टीव्हींत आतल्या ‘ॲडव्हान्स्ड’ किंवा ‘एक्स्पर्ट’ पानावर दडलेला असतो. फायर स्टिकच्या ‘डिस्प्ले अँड साउंड्स’ मध्ये जाऊन सराउंड साउंडचा पर्याय ‘बेस्ट अव्हेलेबल’ ठेवावा आणि सेट टॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘स्टीरिओ’ ऐवजी ‘डॉल्बी’ निवडावे.

रिसीव्हर काही वर्षांपूर्वीचा असेल तर एक अडचण येऊ शकते. ४के चित्रासाठी एचडीसीपी २.२ ही सुरक्षाप्रणाली साखळीतील प्रत्येक उपकरणाला समजावी लागते. ती नसल्यास चित्र १०८०पी वर उतरते किंवा पडदा काळा राहतो. अशा वेळी स्टिक टीव्हीलाच ठेवावी आणि आवाज एआरसीने रिसीव्हरकडे आणावा, ५.१ साठी ते पुरेसे आहे. ई-एआरसीची खरी गरज ब्लू-रेवरील डॉल्बी ट्रू-एचडीसारखा आवाज टीव्हीतून परत आणायचा असेल तरच पडते, आणि प्लेअर थेट रिसीव्हरला जोडला तर तेव्हाही पडत नाही.

इतके करूनही रोजच्या मराठी मालिका आणि बातम्या लावल्यावर मागचे स्पीकर गप्पच राहिले, तर त्यात दोष काहीही नाही. डीटीएचवरील बरेचसे कार्यक्रम मुळातच दोन चॅनेलांचे असतात. रिसीव्हरवर ‘डॉल्बी सराउंड’ हा मोड निवडल्यास तो दोन चॅनेलांतून संवाद वेगळे काढून मधल्या स्पीकरला देतो आणि टाळ्या, गर्दीचा कल्लोळ असे काही मागे पाठवतो. क्रिकेटच्या सामन्याला हा मोड फार शोभतो. ‘ऑल चॅनेल स्टीरिओ’ नावाच्या मोडने पाचही स्पीकर एकदम बोलू लागतात आणि पाहुणे खूश होतात, परंतु चित्रपटासाठी तो वापरू नये. जुनी नाट्यगीते, भावगीते मी स्वतः साध्या स्टीरिओवरच ऐकतो. त्यांना पाच दिशांना वाटण्यात मला काही स्वारस्य वाटत नाही.

दबलेल्या संवादांचे कारणही काही अंशी येथेच आहे. चित्रपटातील जवळजवळ सगळे संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, आणि दोन चॅनेलांचा सिग्नल साध्या स्टीरिओ मोडवर वाजत असेल तर तो मधला स्पीकर मुकाच राहतो. जोडणी बदलल्यावर हा भाग सुटेल. उरलेले कारण जागेत असते. आपल्याकडे मधला स्पीकर टीव्ही युनिटच्या खणात, आत सरकवून ठेवण्याची पद्धत आहे. पुढे काचेची बाहुली, बाजूला गणपती. असा आत ढकललेला स्पीकर खणातच घुमतो. त्याचे तोंड खणाच्या कडेपर्यंत पुढे आणावे आणि तो गुडघ्यांच्या उंचीवर असेल तर पुढच्या बाजूला रबराचे तुकडे देऊन कानाच्या दिशेने किंचित वर तिरका करावा. केवळ एवढ्याने पडलेला फरक मी अनेक घरांत ऐकला आहे.

पुढचे दोन स्पीकर सोफ्यावरून पाहिले असता मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना २२ ते ३० अंशांवर असावेत आणि सराउंड स्पीकर ९० ते ११० अंशांवर, म्हणजे श्रोत्याच्या बाजूला किंवा किंचित मागे, कानापेक्षा थोडे उंच. आपला सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे, त्यामुळे सराउंड स्पीकर मागच्या भिंतीवर ठोकण्याऐवजी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लावावेत. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की बास वाढतो, पण फुगतोही. योग्य जागा शोधण्याची जुनी रीत अशी की सबवूफर तात्पुरता सोफ्यावर ठेवून एकच बासचे गाणे लावावे आणि आपण भिंतीकडेने रांगत जावे. जेथे बास स्वच्छ आणि आवरलेला ऐकू येईल, तेथे सबवूफर न्यावा. घरचे हसतील, पण ही रीत खरी आहे. सबवूफरच्या मागील क्रॉसओव्हरचे (कोणत्या वारंवारतेखालचा आवाज सबवूफरने वाजवायचा ते ठरवणारे) बटण पूर्ण वर किंवा ‘एलएफई’ वर ठेवावे, कारण ते काम आता रिसीव्हर करणार आहे.

स्पीकर जागेवर बसल्यानंतरच मायक्रोफोन लावून ऑटो सेटअप करावा. डेनॉन व मॅरँट्झमध्ये तो ‘ऑडिसी’ या नावाने येतो, यामाहात ‘वायपाओ’. मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीवर न ठेवता कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावा. पंखा, एसी आणि मिक्सर बंद असावेत आणि कुकरची शिट्टी होणार नाही अशी वेळ निवडावी, कारण यंत्राला चाचणीच्या आवाजाखेरीज काहीही ऐकू जाता कामा नये. एखाद्या स्पीकरचे लाल-काळे टोक उलटे लागले असेल तर ‘फेज’ची सूचना येते, तेव्हा ते टोक तपासावे, आणि बरोबर असेल तर सूचना सोडून पुढे जावे, कारण काही स्पीकरांबाबत ती निष्कारणही येते.

ऑटो सेटअपचे निकाल डोळे मिटून स्वीकारू नयेत. पुढच्या स्पीकरांना त्याने ‘लार्ज’ ठरवले असेल तर ते ‘स्मॉल’ करावे, म्हणजे खालचा बास सबवूफरकडे जातो, आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवावा. लहान बुकशेल्फ स्पीकर असतील तर १०० चालेल. सबवूफरचे अंतर मात्र प्रत्यक्ष फुटपट्टीपेक्षा जास्त दाखवले तरी तसेच राहू द्यावे. सबवूफरच्या आतील इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाज काही मिलिसेकंद उशिरा निघतो आणि आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून यंत्र तो उशीर अंतराच्या रूपात मोजते. यानंतर मधल्या स्पीकरची पातळी २ ते ३ डेसिबलने वाढवावी. रात्री शेजाऱ्यांचा विचार करून पाहत असाल तर ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’ सुरू करावा, म्हणजे स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते.

विजेबाबत दोनच गोष्टी. स्पीकरमधून सतत मंद गुणगुण येत असेल तर डीटीएचची केबल सेट टॉप बॉक्समधून क्षणभर काढून पाहावी; गुणगुण थांबली तर ती अर्थिंगच्या फरकामुळे येत आहे, आणि सर्व उपकरणे एकाच अर्थिंग असलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर घेतल्याने ती बहुधा जाते. दुसरी गोष्ट हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी आहे. अमेरिकेतील नातेवाइकांकडून रिसीव्हर मागवणारे बरेच जण आहेत. त्याच्या मागच्या पट्टीवर फक्त १२० व्होल्ट लिहिलेले असेल तर पिन बदलणारा अडॅप्टर लावून तो आपल्या सॉकेटमध्ये कदापि घालू नये. त्यासाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि पट्टीवर ५०० वॅट लिहिले असतील तर ट्रान्सफॉर्मर १००० व्हीएचा घ्यावा.