क्रूस म्हणून किती सोसायचं?

"मॅडम, घर सोडलं तर मी पाप करतेय का?" सल्ल्यासाठी येणाऱ्या ख्रिस्ती बायका हा प्रश्न मला हमखास विचारतात.

रोझी (नाव बदललंय) माहीमच्या चर्चमधली बुधवारची नोव्हेना, म्हणजे खास प्रार्थना, आटपून आली होती. मालाडकडच्या गावठाणातली, लग्नाला चौदा वर्षं. नवरा पिऊन मारायचा. आई म्हणायची, "तुझा क्रूस आहे, तूच वाहा." पर्समध्ये संत रिटाचं चित्र.

पहिल्याच भेटीत मी घोळ घातला. "संतांचं राहू द्या, तुमचं सांगा," म्हणाले. ती महिनाभर फिरकली नाही.

परत आली तेव्हा मीच रिटाची गोष्ट काढली. तापट नवरा, अठरा वर्षांचा संसार, सोसून सोसून शेवटी त्याला सुधारलं, असं म्हणून रोझी थांबली. पुढचं मी सांगितलं. नवऱ्याचा खून झाला, तेव्हा रिटा सूडाच्या विरोधात उभी राहिली. जोगीण व्हायला गेली तेव्हा मठाने आधी नाकारलं, तरी हटली नाही. घरात सांगतात ती अर्धीच गोष्ट, नवऱ्यांच्या सोयीची.

व्हॅलरी सेव्हिंग या धर्मशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी 1960 मध्येच लिहिलं होतं की अहंकार हेच मूळ पाप, ही व्याख्या पुरुषांच्या अनुभवातून आली. बाईला भीती उलटी, स्वतःला पुसून टाकण्याची. आणि अशा बाईला आपण आणखी नम्र व्हायला सांगतो!

मग बायबलमधल्या लूकच्या तेराव्या अध्यायातली कुबडी बाई काढली. अठरा वर्षं वाकलेली. येशू तिला "सोस" म्हणत नाही. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, मोडल्याची बोलणी खातो, पण तिला सरळ उभी करतो.

"म्हणजे माझी अजून चार वर्षं बाकी?" रोझी म्हणाली. आम्ही दोघी पहिल्यांदाच हसलो.

राहिला पापाचा प्रश्न. कॅथलिक चर्चच्याच कायद्यात, कलम 1153 मध्ये, जोडीदारामुळे शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला रास्त कारण मानलंय. हा घटस्फोट नव्हे. "फादरनाही विचारून या," म्हटलं. त्यांनीही तेच सांगितलं. शिवाय 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला राहत्या घरात राहायचा हक्क आहे, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

सध्या ती अंधेरीला बहिणीकडे आहे. याच कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार दिलीय. घटस्फोट नको म्हणते, मीही आग्रह धरत नाही. नोव्हेना चुकवत नाही. आई मात्र अजून फोन उचलत नाही.