574 पैकी दोनच जागा बदलल्या तर एवढं काय होतं?

प्रश्न : मुलीचं लग्न ठरतंय म्हणून सगळ्या टेस्ट केल्या, त्यात सिकलसेलचा रिपोर्ट 'एएस' आला. डॉक्टर म्हणाले, हिमोग्लोबिनच्या प्रोटीनमधे एका जागी फरक आहे, घाबरू नका पण मुलाचीही टेस्ट करा. तिला आजवर काहीच त्रास नाहीये. एवढ्याशा फरकाने असं काय होतं? आणि प्रोटीनचाच प्रश्न असेल तर डाळी, अंडी, प्रोटीन पावडर वाढवून भरून निघेल का? (एक आई, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : ताई, आधी महत्त्वाचं सांगते, एएस म्हणजे तुमची मुलगी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक आहे (एक जीन नेहमीचं, एक बदललेलं), पेशंट नाही. पेशंटचा रिपोर्ट 'एसएस' येतो, म्हणजे दोन्ही जीन बदललेली. आणि खाण्यापिण्याने हा फरक जात नाही, त्यामुळे यासाठी पावडरवर पैसे घालवू नका. डाळी-अंडी खावीतच, पण पोटात गेलेल्या प्रोटीनचं पचन होऊन सुटी अमिनो अॅसिड होतात आणि पेशी त्यातून आपलं प्रोटीन नव्याने बनवते, तेही स्वतःच्या जीनमधे जो क्रम लिहिलाय त्याच क्रमाने. जुना स्वेटर उसवून लोकर कितीही काढली तरी विणायचा नमुना तोच असेल तर नवा स्वेटरही तसाच होणार ना, तसं आहे हे.

आता तो फरक. हिमोग्लोबिनमधे चार साखळ्या असतात, दोन अल्फा (प्रत्येकी 141 अमिनो अॅसिड) आणि दोन बीटा (प्रत्येकी 146), एकूण 574. सिकलसेलमधे बीटा साखळीतली सहाव्या नंबरची जागा बदललेली असते, तिथे ग्लुटामिक अॅसिडच्या ऐवजी व्हॅलिन येतं, बस एवढंच, म्हणजे दोन बीटा साखळ्या धरून 574 पैकी दोन. पण प्रोटीनची साखळी सरळ पडून राहत नाही, ती क्रमाप्रमाणे घडी घालून एक ठराविक आकार घेते आणि प्रोटीनचं काम त्या आकारावर, त्याच्या पृष्ठभागावर काय आहे त्यावर चालतं. ग्लुटामिक अॅसिडवर ऋण विद्युतभार असतो, ते पाण्यात खूश असतं. व्हॅलिनला मात्र पाणी नकोसं असतं. ते नेमकं बाहेरच्या बाजूला आलं, आणि हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार थोडा बदलतो, शेजारच्या हिमोग्लोबिनवर एक खोबण उघडी पडते, त्यात हे व्हॅलिन जाऊन बसतं. मग एकाला एक चिकटत लांब कडक दोरे तयार होतात आणि गोल लवचिक लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, सिकलसेलच्या पेशंटना होणारं असह्य दुखणं त्याचंच. शिवाय लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, ही 10-20 दिवसांत फुटते, म्हणून अॅनिमिया.

1949 मधे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी या हिमोग्लोबिनचा विद्युतभारच वेगळा आहे हे दाखवलं, पुढे व्हर्नन इंग्राम या शास्त्रज्ञांनी नेमकं कुठलं अमिनो अॅसिड बदललंय ते शोधलं. मला हे काम फार मोठं वाटतं, कारण माणसाच्या वेदनेचं कारण थेट एका रेणूपर्यंत नेऊन पोचवलं. आजची इलेक्ट्रोफोरेसिस टेस्ट (विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी) त्याच विद्युतभाराच्या फरकावर चालते.

तुमच्या मुलीत एक जीन नेहमीचं आहे त्यामुळे निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन चांगलं बनतं, ते दोरे लांबू देत नाही, म्हणून त्रास नाही. आता होणाऱ्या जावयाचं. तोही एएस असेल तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. तो पूर्ण नॉर्मल असेल तर एसएस बाळ होणार नाही. पण फक्त सोल्युबिलिटी टेस्टवर (सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगणारी साधी टेस्ट) थांबू नका, एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार आणि प्रमाण मोजणारी टेस्ट) करायला सांगा, कारण तो बीटा थॅलेसेमियाचा (बीटा साखळी कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहक असला तरीही बाळाला आजार होऊ शकतो आणि ते सोल्युबिलिटीत दिसत नाही. दोघंही वाहक निघाले तरी लग्न मोडायलाच हवं असं अजिबात नाही, गरोदरपणात लवकर गर्भाची तपासणी करता येते, डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. आणि मुलीला कुणी 'आजारी' म्हणालं तर हा रिपोर्ट समजावून सांगा, तिची यात काही चूक नाही.

प्रश्न : माझा भाचा एसएस आहे. पाच-सहा महिन्यांचा होईपर्यंत छान होता, मग हातापायाला सूज यायला लागली. जन्मापासून आजार असेल तर आधी का नाही दिसला? (कॉलेज विद्यार्थी, नंदुरबार)

उत्तर : पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळी असते आणि गॅमात हा बदल नसतो. जन्मानंतर हळूहळू गॅमा कमी, बीटा जास्त असं होत जातं म्हणून त्रास उशिरा सुरू होतो. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गॅमाचं हिमोग्लोबिन वाढवतं, 2023 च्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत मान्यता मिळालेली जीन एडिटिंगची ट्रीटमेंटही गॅमा पुन्हा सुरू करण्यावरच आहे. भाच्यासाठी औषध कधी आणि किती ते बालरोगतज्ज्ञच ठरवतील. पाणी भरपूर, थंडीपासून जपणं, न्यूमोकोकलची (न्यूमोनियासारख्या इन्फेक्शनपासून वाचवणारी) लस वेळेवर, आणि ताप आला तर घरी वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना, कारण या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते आणि साधं वाटणारं इन्फेक्शन झपाट्याने वाढतं.